आमच्या फायरप्लेसचा पांढरा रंग

फ्रिस्कोतल्या आमच्या घरी एक फायरप्लेस आहे आणि तिच्यात प्रिंटर आहे.

घर घेतलं तेव्हा एजंटबाई तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या होत्या. जमिनीपासून छतापर्यंत खऱ्या विटा, खाली बसायला विटांचाच रुंद कट्टा. हिवाळ्यात इथे बसून कॉफी प्या, असं त्यांनी सांगितलं होतं. टेक्सासचा हिवाळा येतो येतो म्हणतो आणि आपण स्वेटर शोधेपर्यंत परत जातो. एका वर्षी मात्र बर्फ पडला, वीज गेली, आणि आता तरी ही कामाला येईल म्हणून आम्ही मोठ्या आशेने तिच्यापुढे बसलो. चिमणीचं झाकण कुठून उघडतं हे कुणालाच कळेना. शेवटी घरातले होते नव्हते ते स्वेटर अंगावर चढवून आम्ही थंडगार विटांकडे बघत दिवस काढला. पुढे वायफायला तीच जागा मानवते असं निघालं आणि प्रिंटर तिच्यात गेला.

अशा या फायरप्लेसला पांढरा रंग द्यावा की देऊ नये, यावरून आमच्या घरात चार महिने जे काही झालं, ते सांगते.

सुरुवात कराडहून झाली. माझ्या सासूबाई कराडला असतात. त्यांच्याकडे गौरी उभ्याच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळेचे दोन मुखवटे, सासूबाईंच्या सासूबाईंच्याही आधीपासूनचे. (मी नागपूरची. आमच्याकडे यांना महालक्ष्म्या म्हणतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तसं म्हणाले, तर मी भलत्याच कुणाला जेवायला बोलावून आणल्यासारखं सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.) मे महिन्यात त्यांचा फोन आला. गुडघे आता ऐकत नाहीत, सोळा भाज्या आणि पुरणाचा घाट एकटीच्याने होत नाही, माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या माहेरच्या गौरींचंच झेपत नाही, तेव्हा यंदा गौरी फ्रिस्कोला घेऊन येते, असं त्या म्हणाल्या.

"पण मी आधी घर बघेन हो," त्यांनी पुढे सांगितलं. "त्यांना तिथे करमेल असं वाटलं तर ठेवीन. नाहीतर परत आणून देवळात देऊन टाकीन. माझ्यामागे माळ्यावर पडायला नकोत."

हे घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पूर्वी आम्ही सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये असताना त्या एकदा येऊन गेल्या होत्या आणि 'बाथरूममध्ये बादली नाही' एवढा एकच अभिप्राय देऊन परत गेल्या होत्या.

मला त्या गौरी हव्या होत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी कराडच्या त्या भरल्या घरात मी एका खांबाला धरून उभी होते. कुणाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि बोलले तर महालक्ष्म्या निघत होत्या. सासूबाईंनी मला हाक मारली, धाकट्या गौरीचं पातळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, नेसव तुझ्या पद्धतीने. मी निऱ्या वाकड्या घातल्या. त्यांनी त्या तशाच ठेवल्या आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला कौतुकाने सांगितलं की धाकटीला आमच्या सुनेने नेसवलंय. त्या दिवशी मी त्या घरची झाले. त्या गौरी देवळातल्या कपाटात बसणार, ही कल्पनाच मला सहन होईना. काहीही करून त्यांना आमचं घर पसंत पडलं पाहिजे, असं मी ठरवलं.

आता त्यांना बसवायचं कुठे? आमच्या घराला भिंतीच नाहीत. याला ओपन कन्सेप्ट म्हणतात. म्हणजे ओट्यावर मिरचीची फोडणी दिली की सोफ्यावरच्या पाहुण्याला ठसका लागतो. एकीकडे खिडक्या, एकीकडे जिना, एकीकडे टीव्ही. (टीव्ही हलवायचा विषय आमच्याकडे कुणी काढत नाही.) उरली फायरप्लेस. तिच्या विटा करपलेल्या भाकरीच्या रंगाच्या होत्या आणि मध्ये मध्ये काळे डाग. यांच्यापुढे उभ्या केल्या तर आपल्या गौरी वीटभट्टीच्या पाहणीला आल्यासारख्या दिसतील, असं मी मंदारला म्हणाले. पांढरा रंग देऊन टाकू.

मंदार माझा नवरा. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. त्याचा कशावरही पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही. आमचं लग्न ठरत असताना तो मला तीनदा भेटायला आला आणि तिन्ही वेळा त्याने तेच प्रश्न विचारले, उत्तरं बदलतात का ते बघायला.

"वीट एकदा रंगवली की संपलं," तो म्हणाला. "रंग आत मुरतो. परत निघत नाही. याला रोलबॅकच नाहीये, मेघा."

"मला परत काढायचाच नाहीये."

"पडद्यांच्या वेळी पण तू हेच म्हणाली होतीस."

आमची मुलगी इरा सोळा वर्षांची आहे. तिला विचारलं तर तिने फोनमधून मान वर न करता सांगितलं, "मॉम, ब्रिक हॅज कॅरेक्टर. लीव्ह इट अलोन." स्वतःच्या खोलीतल्या पसाऱ्यालाही ती कॅरेक्टरच म्हणते, त्यामुळे तिचं मत मी धरलं नाही.

शेवटी तडजोड अशी निघाली की खालच्या कोपऱ्यातली एकच वीट रंगवायची, म्हणजे टेस्ट होईल. मी एक छोटा डबा आणला आणि वीट रंगवली. ती बघायला प्लेनोहून माझी मैत्रीण प्राजक्ता आली. प्राजक्ताने स्वतःचं घर मासिकात छापून येण्यासारखं सजवलंय आणि तिच्या चार वर्षांच्या जुळ्या मुली त्यात राहतात, हा आम्हाला सगळ्यांनाच चमत्कार वाटतो. तिने माझी वीट पाहिली आणि हळहळली.

"अगं, हा पिवळा पांढरा आहे. तुला निळा पांढरा हवा."

मला तोपर्यंत वाटायचं की पांढरा हा एक रंग आहे. प्राजक्ताने पिशवीतून शेडकार्ड काढलं तेव्हा कळलं की एक दह्याचा पांढरा असतो, एक साईचा, एक उन्हात वाळलेल्या धोतराचा आणि एक घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा. कंपनीने त्यांना 'शांत सकाळ' आणि 'हंसाची झोप' अशी नावं दिली होती. मी आणखी एक डबा आणला. मग आणखी एक. मंदारला या पांढऱ्यांमधला फरक कळेना, म्हणून त्याने प्रत्येक विटेवर निळी चिकटपट्टी लावून व्हर्जनचे आकडे घातले. पांढरा एक पॉइंट दोन, पांढरा एक पॉइंट तीन. घरी कुणीही आलं की आधी फायरप्लेससमोर उभं राहायचं, एकेका विटेवर बोट ठेवायचं आणि आम्हाला न आवडलेला नेमका रंग निवडून चहाला बसायचं.

शेजारची लिंडा हाडाची शिक्षिका, आता निवृत्त. तिने माझी वेगळीच शिकवणी घेतली. रंग नकोच, लाइमवॉश कर, म्हणाली. त्याने वीट श्वास घेते, भिंत जुनी आणि खानदानी दिसते, आणि सध्या सगळीकडे हेच चाललंय. मी अर्धा तास माना डोलावल्या. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा आपला चुना. नागपूरला दर दिवाळीआधी अंगणातल्या पिंपात जो खदखदायचा आणि ज्याच्या वासाने आम्ही भावंडं पळून जायचो, तो इथे खानदानी झाला होता. मी दोन विटांना तोही लावून पाहिला. ऑगस्ट संपता संपता आमची फायरप्लेस गोधडीसारखी दिसायला लागली आणि निर्णय मे महिन्यात होता तिथेच होता.

आणि सासूबाई आल्या. मुखवटे त्यांनी हॅन्डबॅगेत आणले होते, दोन जुन्या लुगड्यांत गुंडाळून. विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यावर दोन चेहरे बघून तिथला अधिकारी दचकला आणि त्याने विचारलं, हे कोण? सासूबाईंना तेवढं इंग्रजी येतं. "सिस्टर्स," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पाणी प्यायल्या आणि थेट फायरप्लेससमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मंदारला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की बिल्डर गिलावा करायचा विसरला का. उघड्या विटा म्हणजे अर्धवट काम, हे त्यांचं साधं गणित. मंदारने समजावलं की इथे मुद्दाम अशा ठेवतात.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि हे नायटे कसले आलेत हिला?"

मी व्हर्जन एक पॉइंट दोनपासून सगळं सांगितलं. मुखवटे त्यांनी पिशवीतून बाहेरही काढले नाहीत, पिशवी तशीच उशाशी ठेवली.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी मोठा डबा आणि नवा कोरा रोलर आणला. कुठलाही का असेना, पांढरा मारून टाकायचा, असं मी जाहीर केलं. त्यावर मंदार लॅपटॉप घेऊन फायरप्लेसच्या कट्ट्यावर जाऊन बसला आणि आज मी इथूनच काम करणार म्हणाला. मी म्हटलं, मग मी तुझ्यासकट रंगवते. तो म्हणाला, आधी एका हातावर टेस्ट कर. सासूबाई सोफ्यावर बसून कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत भाजी निवडत होत्या. सोळा भाज्यांतल्या निम्म्या मिळायच्या राहिल्या होत्या, म्हणून अखेर आम्ही दोघं तसेच भांडत प्लेनोच्या इंडियन स्टोअरला निघालो. जाताना हायवेवर मी बोलले, येताना तो बोलला.

परत येऊन दार उघडलं आणि मी भोपळ्यासकट दारातच थांबले.

फायरप्लेस लाल होती. अख्खी. जमिनीपासून छतापर्यंत दाट, ओली, तांबडी लाल. सासूबाई जेवणाच्या टेबलाची खुर्ची समोर टाकून बसल्या होत्या आणि काठीने वर दाखवत होत्या. इरा शिडीवर चढून माझ्या नव्या कोऱ्या रोलरने रंग फासत होती. खाली माझा काचेचा सॅलडचा बोल, त्यात गेरू. सुनेच्या घरी तुळशीवृंदावन असेल, त्याला लागेल, म्हणून सासूबाईंनी कराडहून गेरूच्या पुड्या आणल्या होत्या. आमची तुळस प्लास्टिकच्या कुंडीत असते, त्यामुळे पुड्या उरल्या होत्या.

"तुमचं काही ठरेना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, विटेला विटेचाच रंग देऊ."

आणि खरं सांगते, ती इतकी सुंदर दिसत होती की मी चार महिने तोंडपाठ केलेले सगळे पांढरे विसरले. नायटे गेले, डाग गेले, कोपऱ्यात इराने तांदळाच्या पिठाने वेलबुट्टीही काढली होती. मंदारने बोट ओढून पाहिलं, बोट धुऊन पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "पाण्याने निघतो," तो म्हणाला. "म्हणजे रोलबॅक आहे." आम्हा दोघांचंही समाधान व्हावं असं या घरात फार दिवसांनी काहीतरी झालं होतं. जो रंग एवढ्या सहज निघतो तो निघून जातो कुठे, हा पुढचा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. टेस्टिंगवाल्यालाही नाही.

मग मी घर आवरायला घेतलं. माझी आवरण्याची पद्धत सोपी आहे. खाली जे जे दिसतं ते उचलायचं आणि वरच्या आमच्या बेडरूममध्ये नेऊन टाकायचं. धुतलेले पण घडी न केलेले कपडे, न उघडलेली खोकी, योगा मॅट, जुनी टपालं, प्रिंटर, सगळे पांढरे डबे. खालचं घर आरशासारखं झालं. वरचं दार मी दोन्ही हातांनी ओढून लावलं. नुसतं ढकलून ते लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. कार्पेटवर रांगोळीची पावलं काढता येईनात, म्हणून इराने कागदाची कापून दारापासून फायरप्लेसपर्यंत चिकटवली. थोरली माझ्या हातात, धाकटी इराच्या. सासूबाई पुढे ताम्हन घेऊन. गौरी आल्या की त्यांना सगळं घर दाखवायचं असतं. प्रत्येक खोलीत थांबायचं, घरच्या मोठ्या बाईने 'इथे काय आहे?' विचारायचं आणि आपण भरभरून सांगायचं, म्हणजे वर्षभर घर तसंच भरलेलं राहतं. स्वयंपाकघरात सासूबाईंनी विचारलं, मी म्हटलं, अन्नधान्य. किती? उदंड. मंदारच्या ऑफिसच्या खोलीत विचारलं तर इरा म्हणाली, "वायफाय." सासूबाईंनी तेही चालवून घेतलं. "किती?" त्यांनी विचारलं. "उदंड," मागून मंदार म्हणाला.

मग आम्ही जिन्याशी आलो.

"आणि वर काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"वर काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातात गौर घेऊन असं उत्तर कुणी देत नाही, हे मला कळत होतं. पण दुसरं सुचलंच नाही. त्या मागे वळल्या आणि आम्ही गौरी कट्ट्यावर नेऊन उभ्या केल्या. (धडांना आधार म्हणून इराची व्हायोलिनची दोन स्टँड होती. गौरींचा ताठा त्यामुळे फार छान आला.) संध्याकाळी धीर करून मी विचारलं, आई, जागा पटली का? "बघू," त्या म्हणाल्या. "अजून त्यांनी घर कुठे सगळं बघितलंय." मी स्वयंपाकघरात गेले आणि निवडलेली भाजी परत निवडत बसले.

पूजेच्या दिवशी हळदीकुंकवाला इथलं सगळं मराठी मंडळ लोटलं. पैठण्या, नथी, पुरणपोळीचा वास, लाल भिंतीपुढे पितळेचे दोन उजळ चेहरे. मी मनातून फुलून गेले होते. लिंडाही आली होती, पांढरीशुभ्र पॅन्ट घालून. तिला खाली बसवेना म्हणून ती गौरींच्या शेजारी फायरप्लेसच्या कट्ट्यावर टेकली आणि पुरणपोळीची कृती विचारत राहिली. ती उठून तूप घ्यायला गेली तेव्हा मी तिला पाठमोरं पाहिलं.

दोन गोल. तांबडे. सुस्पष्ट.

मी ओला टिश्यू घेऊन तिच्यामागे धावले, पण शेजारणीला अशा ठिकाणी न विचारता पुसावं कसं, हे कुठल्याच देशात शिकवलेलं नाही. तेवढ्यात पलीकडे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मंडळातल्या शैलामावशी फिरल्या आणि त्यांच्या मोतिया पैठणीवर पाठभर विटा उमटलेल्या दिसल्या, अगदी सांध्यांसकट. मावशींच्या बाजूला कोण टेकलं होतं ते मी बघायला लागले, तर कोण टेकलं नव्हतं तेच सापडेना. मी गर्दीत वाकून वाकून प्रत्येकीची पाठ तपासत हिंडत होते आणि बायका मला कौतुकाने म्हणत होत्या, किती गं धावपळ करतेस, बस जरा.

आणि मागच्या अंगणात प्राजक्ताच्या जुळ्या मुली होत्या. सप्टेंबर असला तरी फ्रिस्कोत भाजून निघण्याइतकं ऊन होतं, म्हणून कुणीतरी त्यांच्यासाठी लॉनचं स्प्रिंकलर सुरू करून दिलं होतं. त्यात मनसोक्त भिजून, परकर-पोलकी निथळत, दोघी मागच्या दाराने आत आल्या. गौरींचे चेहरे नीट दिसावेत म्हणून त्या कट्ट्यावर चढल्या. थोडा वेळ तिथे ओल्या पायांनी नाचल्या. मग उतरल्या आणि पळाल्या.

आधी मला फक्त पावलं दिसली. इवलीशी, लाल, पाचही बोटं उमटलेली. फायरप्लेसपासून सोफ्याकडे, सोफ्याला वळसा घालून, बदामी कार्पेटवरून जिन्याकडे, आणि जिन्यावरून एकेक पायरी वर. प्राजक्ता पोरींच्या नावाने ओरडायला लागली, मी मॉपकडे धावले, आणि सासूबाईंची काठी आडवी आली.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्या पावलांना हात जोडले. त्यांचं बघून शैलामावशींनी जोडले, मग सगळ्यांनीच. लिंडानेही हातातली ताटली खाली ठेवून जोडले. सासूबाईंनी ताम्हन उचललं, ज्या गुडघ्यांसाठी आम्ही खालची खोली रिकामी करून दिली होती त्या गुडघ्यांनी जिना चढायला लागल्या, आणि त्यांच्यामागे पैठण्यांची रांग लागली. मी कडेकडेने घुसून पुढे जायचा प्रयत्न केला. वर काही नाहीये, वरचं बाथरूम बिघडलंय, वर एसी चालत नाही, असं एकामागून एक सांगून पाहिलं. ऐकायला कुणी थांबलं नाही. पावलं सरळ आमच्या बेडरूमच्या दाराशी गेली होती आणि दार उघडं होतं.

खोलीत कपड्यांचा डोंगर होता आणि डोंगरावर जुळ्या उड्या मारत होत्या. व्यायामाच्या सायकलवर माझ्या न नेसलेल्या साड्या वाळत घातल्यासारख्या पडल्या होत्या. खोकी, मॅट, डबे, सगळं जिथे टाकलं तिथे. आणि या सगळ्याच्या मधोमध, खाली बायकांत अवघडल्यासारखं होतं म्हणून वर येऊन बसलेला माझा नवरा, हातात पुरणपोळी घेऊन फोनवर मॅच बघत होता. तीसएक बायका ताम्हनासह आत आल्यावर त्याने आदराने पोळी मागे लपवली.

सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून, रीतीप्रमाणे, स्पष्ट आवाजात त्यांनी विचारलं, "इथे काय आहे?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

"कपडे," मी म्हणाले.

"किती?"

"उदंड."

आधी शैलामावशी हसल्या. मग हसू दारातून जिन्यावर गेलं आणि खालपर्यंत पोचलं. सासूबाई पलंगाच्या कडेला, टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर बसल्या. त्या हसत नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात माझ्या हातावर होता.

"कराडला मी सगळं कोठीच्या खोलीत कोंबायचे," त्या मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बाहेरून कडी. गौरींना सांगायचे, इथे धान्य आहे. एवढी वर्षं त्यांनी ऐकून घेतलं. तुझ्याकडे आल्या आणि दुसऱ्याच दिवशी आत शिरल्या बघ. करमलंय त्यांना."

मी त्या टॉवेलांतलाच एक घेऊन डोळे पुसले.

मुखवटे आता आमच्याकडे असतात. सासूबाईंनी ते विसर्जनानंतर स्वतः पुसून, लुगड्यांत गुंडाळून माझ्या ओंजळीत दिले आणि दरवर्षी आपण येणार असं ठणकावून सांगितलं, कारण सोळा भाज्या मला जमतील यावर त्यांचा विश्वास नाही. लिंडा त्या पॅन्टवर ठसे ठेवूनच आहे. ती धुवायची नाही, असं तिने स्वतःच ठरवलंय. फायरप्लेसचा गेरू पाठींनी आणि पायांनी बराचसा नेला. खालून परत माझे सगळे पांढरे डोकावायला लागलेत, तेव्हा कुठला द्यायचा ते यंदा ठरवावंच लागेल.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले होते. फायरप्लेसचा एखाददुसराच होता, बाकी सगळे माझ्या बेडरूमचे. ते बघत असताना प्राजक्ताचा फोन आला.

"मेघा, अगं तुझ्या बेडरूमच्या भिंतीचा तो पांढरा कुठला? परफेक्ट आहे. आपण चार महिने हाच तर शोधत होतो!"

मी वर जाऊन पाहिलं. तो घराबरोबरच आलेला, बिल्डरने दिलेला रंग होता. इतकी वर्षं मी त्याच खोलीत झोपते, पण तो मला कधी दिसला नव्हता. पुढे कपडे होते ना.